केविनचं खापर सिनेमावर का फोडू नये

१९९१ साली फ्रान्समध्ये तेरा ते चौदा हजार मुलग्यांचं नाव केविन ठेवलं गेलं. त्या वर्षी तिथे जन्मलेले मुलगे होते पावणेचार ते चार लाखांच्या दरम्यान. म्हणजे दर अठ्ठावीस-तीस मुलग्यांमागे एक केविन. त्याच्या वीस वर्षं आधी हे नाव तिथे शोधूनही क्वचितच सापडलं असतं, आणि पुढच्या वीस वर्षांत ते पुन्हा जवळजवळ उतरलं. नावांचा अभ्यास करणाऱ्यांना असा आलेख मिळाला की गूळ दिसलेल्या मुंगळ्यासारखं होतं. तीस वर्षांत एक चढ, एक शिखर, एक उतार, सगळं स्वच्छ. अशा आलेखाचं स्पष्टीकरण द्यायची घाई प्रत्येकाला होते. मला आज बोलायचंय ते या घाईबद्दल.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं स्पष्टीकरण सिनेमाचं. ‘होम अलोन’ आला, त्यातला घरी एकटा राहिलेला खोडकर पोरगा म्हणजे केविन, तो सगळ्यांना आवडला आणि लोकांनी पोरांची नावं केविन ठेवली. शिवाय त्याच सुमारास केविन कॉस्टनरचा ‘डान्सेस विथ वुल्व्ज’ आला, त्याला सात ऑस्कर मिळाले. दोन केविन, एक शिखर. वर्तमानपत्रांत, गप्पांत, समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या निबंधांतसुद्धा हे इतक्या सहज येतं की कुणी पुरावा मागत नाही.

आता फक्त तारखा लावून बघा. ‘होम अलोन’ अमेरिकेत प्रदर्शित झाला नोव्हेंबर १९९० मध्ये आणि फ्रान्समध्ये डिसेंबर १९९० मध्ये. कॉस्टनरचा सिनेमा फ्रान्समध्ये पोचला फेब्रुवारी १९९१ मध्ये. आणि केविन फ्रान्समधलं मुलग्यांचं पहिल्या क्रमांकाचं नाव कधी झालं? १९८९ मध्ये. सिनेमा यायच्या आधी. पहिल्या क्रमांकावर पोचायला नावाला काही वर्षं चढत यावं लागतं, म्हणजे खरी गोष्ट १९८० च्या दशकाच्या मध्यात कुठेतरी घडत होती. वरात निघून गेल्यावर आलेल्या घोड्याला नवरदेव आणल्याचं श्रेय कसं द्यायचं?

त्यात आणखी एक गंमत आहे. फ्रेंच प्रेक्षकांनी हा सिनेमा ज्या नावाने पाहिला त्याचा अर्थ होतो ‘आई, माझं विमान चुकलं’. शीर्षकात केविन नाहीच. जर्मनीत मात्र तो आला ‘केविन – घरी एकटा’ अशा अर्थाच्या नावाने, जानेवारी १९९१ मध्ये. सिनेमामुळे नाव पसरतं असा तुमचा दावा असेल, तर या फरकातून तपासण्यासारखं भाकीत निघतं: पोस्टरवर नाव असलेल्या देशात परिणाम जास्त दिसायला हवा. दावा खरा असेल की खोटा, ते पुढचं. पण दाव्यातून असं काहीतरी निघायला हवं जे चुकू शकतं. ‘सिनेमाचा प्रभाव पडला’ या वाक्यातून तसं काहीच निघत नाही. म्हणून प्रपोजलमध्ये ते वाक्य दिसलं की परीक्षक पेन्सिल उचलतात.

सिनेमाच्या बाजूनेही थोडं बोललं पाहिजे, नाहीतर टीका एकांगी होईल. शिखर १९९१ चं आहे, १९८९ चं नाही. चढत्या नावाला सिनेमाने शेवटचा धक्का दिला असेल. हे शक्य आहे, आणि तपासायचं तर महिन्यांनुसार जन्म हवेत. फ्रान्सची सांख्यिकी संस्था इन्से नावांची जी फाईल सगळ्यांसाठी खुली ठेवते ती वर्षानुसार आणि जिल्ह्यानुसार आहे. त्यात डिसेंबरच्या आधीचे केविन आणि नंतरचे केविन वेगळे करता येत नाहीत. म्हणजे प्रश्न चांगला आहे, पण या डेटाला विचारता येत नाही. संशोधनात ही अडचण रोज येते आणि तिच्यावर पळवाट एकच असते: डेटा जे सांगू शकत नाही ते त्याच्या तोंडी घालायचं. ती पळवाट घेऊ नका एवढंच.

दुसरं आवडतं स्पष्टीकरण कायद्याचं. हे जरा जास्त अभ्यासू लोक देतात, त्यामुळे जास्त फसवं. फ्रान्समध्ये १८०३ चा एक कायदा होता. त्यानुसार पोराचं नाव कॅलेंडरांमधल्या नावांपैकी, नाहीतर प्राचीन इतिहासातल्या माणसांच्या नावांपैकी असावं लागे. कॅलेंडर म्हणजे संतांचे दिवस लिहिलेलं. १९६६ मध्ये सरकारी सूचनेने हा नियम बराच सैल झाला. प्रादेशिक नावं, परकी नावं, पुराणकथांतली नावं चालवून घ्यायला सांगितलं गेलं. आणि ८ जानेवारी १९९३ च्या कायद्याने आई-बापांना निवडीचं स्वातंत्र्य मिळालं. पोराच्या हिताला बाधक वाटलं तर नोंद करणारा अधिकारी सरकारी वकिलाला कळवू शकतो, इतकाच चाप राहिला. मग लोक म्हणतात, बघा, कायदा सुटला आणि केविन आला. पण १९९३ मध्ये केविन दोन वर्षांपूर्वी शिखर गाठून उतरायला लागला होता. शिवाय केविन हा मुळात आयर्लंडचा संत, ग्लेंडालॉखचा मठ स्थापन करणारा, सहाव्या-सातव्या शतकातला. कायदा सक्तीने पाळायचा म्हटलं तरी संताच्या नावावर अधिकारी काय बोलणार? १९६६ च्या सैलपणाने दार किलकिलं केलं हे मी मान्य करेन. पण दार उघडं असणं आणि कुणीतरी आत येणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि १९६६ पासून १९८९ पर्यंत तेवीस वर्षं जातात.

या सगळ्यावर ज्याने नीट विचार केला तो माणूस म्हणजे हार्वर्डचा समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लीबरसन. त्याचं ‘अ मॅटर ऑफ टेस्ट’ हे पुस्तक २००० साली आलं. नावांवर काम करायचं असेल तर ते टाळता येत नाही, आणि नसेल करायचं तरी कार्यकारणभावाबद्दल शिकायला वाचावं. त्यातलं मेरिलिनचं उदाहरण प्रसिद्ध आहे. मेरिलिन मन्रोमुळे अमेरिकेत मेरिलिन हे नाव पसरलं असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात त्या नावाचा भर १९३० च्या दशकातला. मन्रो प्रसिद्ध झाली १९५० च्या दशकात, आणि तेव्हा नाव उतरणीला लागलेलं होतं. उलट तिने पडद्यासाठी नाव घेतलं तेव्हा ते चलतीतलं होतं म्हणूनच घेतलं. कारण आणि परिणाम यांची दिशाच उलटी.

आपल्याकडे सचिनचं असंच आहे. तेंडुलकरमुळे घरोघरी सचिन झाले, असं ठामपणे सांगणारा माणूस प्रत्येक कट्ट्यावर असतो. तेंडुलकरचा पहिला कसोटी सामना नोव्हेंबर १९८९ मध्ये. ज्या सचिनच्या दहावीच्या मार्कशीटवर १९८० च्या दशकातलं साल आहे, त्याचं श्रेय तेंडुलकरला कसं देणार? खुद्द तेंडुलकरचं नाव त्याच्या वडिलांनी संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलं, हे तर सर्वश्रुत आहे. आणि सचिन पिळगांवकर १९६० च्या दशकापासून बालकलाकार म्हणून पडद्यावर होते. म्हणजे तेंडुलकर स्वतः त्या नावाच्या आधीच्या लाटेतला एक थेंब आहे. नंतर त्याने लाट वाढवली की नाही, हा वेगळा प्रश्न, आणि त्याला आकडे लागतील.

लीबरसनचं म्हणणं असं: फॅशन बदलायला बाहेरची घटना लागतेच असं नाही. आवड स्वतःच्या आतल्या गतीने बदलते. ‘जरा वेगळं पण फार वेगळं नको’ असं प्रत्येक आई-बापाला वाटतं, आणि लाखो लोकांनी तसं वाटून घेतलं की नावं सरकतात. प्रसिद्ध व्यक्ती किंवा पात्र यांचा परिणाम होतो तोही त्या काळच्या आवडीत बसणाऱ्या, आधीच चढणाऱ्या नावांवर. केविनला हे लागू पडतं. पण इथे माझी तक्रार आहे. आतली गती हे स्पष्टीकरण सगळ्यालाच लागू पडतं. नाव चढलं तर आतली गती, पडलं तर आतली गती, थांबलं तर गती मंदावली. मग केविनच का, आणि त्याच काळात ब्रायन किंवा ग्लेन त्या उंचीवर का नाही? लीबरसनकडे याचं उत्तर नावांच्या आवाजात आणि आधीच्या नावांशी असलेल्या नात्यात आहे. पण ते उत्तर निकाल लागल्यावर लिहिलेलं असतं. परीक्षेनंतर प्रश्नपत्रिका सोडवणं सोपं असतं.

याच टोकाचं दुसरं काम मॅथ्यू हान आणि अलेक्झांडर बेंटली यांचं, २००३ चं. त्यांनी म्हटलं, आवड-बिवड सोडा. समजा प्रत्येक नवीन पोराचं नाव आधीच्या लोकांमधून कुणाचं तरी आंधळेपणाने उचललं जातं, आणि अगदी क्वचित कुणी नवीन नाव आणतं. जनुकशास्त्रातला ड्रिफ्टचा हिशेब नावांना लावायचा. अमेरिकेच्या नावांमध्ये थोडी नावं खूप वापरली जातात आणि असंख्य नावं अगदी कमी, या वाटणीचा जो आकार दिसतो तो या साध्या मॉडेलमधून जवळजवळ तसाच निघतो. हा निकाल मला खरोखर सुंदर वाटतो. फारच थोडं गृहीत धरून फार काही निघतं. पण वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा: सगळ्या नावांच्या वाटणीचा आकार जुळला म्हणजे एका नावाचा प्रवास समजला असं होत नाही. नाणं हजार वेळा उडवलं तर छापा किती वेळा येईल हे मला सांगता येतं. सातव्या वेळी काय येईल ते नाही. शिवाय आंधळ्या नकलेत नाव आज चढलं म्हणून उद्या चढेल असं नसतं. टॉड गुरेकिस आणि रॉबर्ट गोल्डस्टोन यांनी २००९ मध्ये अमेरिकेच्या डेटात नेमकं हे तपासलं. त्यांना दिसलं की अलीकडच्या दशकांत चढणारं नाव पुढेही चढत राहण्याकडे झुकतं. लोक फक्त नाव पाहत नाहीत, नावाची दिशाही पाहतात. केविनचा गुळगुळीत डोंगर ड्रिफ्टपेक्षा या चित्राला जवळचा आहे.

आणि उताराबद्दल? योना बर्गर आणि गाएल ले मां यांचा २००९ चा पेपर याच प्रश्नावर आहे. फ्रान्स आणि अमेरिका दोन्हीकडच्या सुमारे शंभर वर्षांच्या नावांवर त्यांनी दाखवलं की जी नावं वेगाने चढतात ती वेगाने पडतात. कारण वेगाने चढणारी वस्तू लोकांना ‘चार दिवसांची फॅड’ वाटते, आणि तशी वाटलेली वस्तू पोराच्या आयुष्यभराला कोण चिकटवणार? त्यांनी होणाऱ्या आई-बापांनाही विचारून हे तपासलं. ही गोष्ट मला विशेष आवडते, कारण आलेखावरून माणसांच्या मनातलं ओळखण्याऐवजी त्यांनी माणसांना विचारलं. या सगळ्या साहित्यातून एकच पेपर वाचायला वेळ असेल तर हा वाचा.

पण या कुठल्याच मॉडेलमध्ये वर्ग नाही, आणि केविनच्या गोष्टीत सगळ्यात जड गोष्ट तीच आहे.

फॅशन वरून खाली झिरपते, हा विचार जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेलने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडला होता. वरचे काहीतरी नवीन घेतात, खालचे नक्कल करतात, मग वरचे ते टाकून पुढे पळतात. फ्रान्समध्ये फिलिप बेस्नार आणि गी देप्लांक यांनी १९८६ च्या पुस्तकात नावांवर हे दाखवलं. साधारणपणे नाव आधी अधिकारी-व्यावसायिक वर्गात येतं, मग मधल्या वर्गात, शेवटी कामगार आणि शेतकऱ्यांत. नंतर १९९३ मध्ये बेस्नार आणि सिरिल ग्रांज यांनी एका लेखात प्रश्न टाकला, की आता हे झिरपणं संपलं का? त्यासाठी त्यांनी एक हुशार युक्ती केली. ‘बोतँ मोंदँ’ नावाची फ्रान्समधल्या खानदानी घराण्यांची जी डिरेक्टरी निघते, त्यातली मुलांची नावं घेतली आणि सगळ्या देशाच्या नावांशेजारी ठेवली. उच्चभ्रूंचा डेटा कुठून आणायचा हा प्रश्न सगळ्यांना पडतो. इथे उच्चभ्रूंनी तो स्वतःच छापून ठेवला होता! तुलनेत काही नावं अशी निघाली की जी वरच्यांनी कधी घेतलीच नाहीत. केविन त्या जातीचं नाव आहे. ते वरून आलं नाही. ते टीव्हीवरून, आजूबाजूच्या इंग्रजी-अमेरिकी आवाजांवरून थेट कामगार आणि कारकुनी घरांत आलं. तिथल्या आई-बापांना ते ताजं आणि मोकळं वाटलं असणार, आणि साहेबांच्या पोरांच्या नावांची वाट बघायची गरज त्यांना उरली नव्हती. झिमेलच्या शिडीवर न चढता आलेलं नाव.

नकाशावर हे दिसतं. पॅरिस शहरात केविन देशाइतका कधीच चालला नाही, आणि उत्तरेकडच्या जुन्या खाणी-कारखान्यांच्या पट्ट्यात चांगला चालला. इथे थांबून एक सावधगिरीची सूचना, कारण आमच्या विभागातल्या सेमिनारमध्ये दर वर्षी कुणीतरी या खड्ड्यात पडतं. केविनचा नकाशा दुसऱ्या कुठल्याही नकाशाशेजारी ठेवला, बेकारीचा, मतदानाचा, शिक्षणाचा, तर काही ना काही जुळणारच. फ्रान्समध्ये नावांचे नकाशे मतदानाच्या नकाशांशेजारी मांडण्याची हौस बरीच आहे. पण ज्या जिल्ह्यात केविन जास्त आणि अमुक पक्षाला मतं जास्त, तिथे केविनच्याच आई-बापांनी ती मतं दिली हे त्यातून सिद्ध होत नाही. कदाचित शेजारच्या घराने दिली. जिल्ह्याचं जिल्ह्याला, माणसाचं माणसाला. रॉबिन्सनने १९५० मध्येच या चुकीवर पेपर लिहिलाय, आणि अजून ती होते, कारण नकाशे दिसतात छान.

शेजारच्या देशांत गेलं की गोष्ट आणखी गुंतते. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये केविनचे दिवस १९६० च्या आसपासचे. ज्या वर्षी फ्रान्समध्ये तो बाळांचं नाव होता, त्या वर्षी अमेरिकेत तो पंचविशी-तिशीतल्या माणसांचं सरळसाधं नाव होता, आणि कुणी त्याला हसत नव्हतं. आयर्लंडमध्ये संत. फ्रान्समध्ये कामगार वस्ती. जर्मनीत विनोद. म्हणजे नावाच्या अंगात वर्ग नसतो. नाव कुठून, कधी आणि कुणाच्या हाताने आलं त्यावरून तो चिकटतो. ‘केविन हे खालच्या वर्गाचं नाव आहे’ असं वाक्य देश आणि साल न लिहिता कुणी लिहिलं, तर ते अर्धवट आहे.

जर्मनीबद्दल बोलताना आकड्यांनाही जपायला हवं. तिथे इन्सेसारखी सगळ्या जन्मांची एक राष्ट्रीय फाईल नाही. जर्मन भाषेची एक संस्था १९७७ पासून नोंदणी कार्यालयांकडून नावं गोळा करून वार्षिक यादी काढते. तिच्या मुख्य यादीत पोराचं पहिलं नावच नाही तर दुसरं-तिसरं नावही धरलं जाई, त्यामुळे मधलं नाव म्हणून आवडणारी नावं वर यायची. हाक मारायच्या नावांच्या यादीत वेगळं चित्र दिसतं. फ्रेंच आणि जर्मन केविन एका आलेखावर काढणारे लोक हे सांगत नाहीत. फ्रान्समध्येही सगळं सरळ नाही: तिथे नाव दोन तऱ्हांनी लिहितात, पहिल्या स्वरावर खूण देऊन आणि न देता. या दोन ओळी एकत्र करायच्या की वेगळ्या ठेवायच्या, हे ठरवणं संशोधकाचं काम आहे आणि ते पेपरात लिहिणंही.

आता टीकेतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. जर्मनीत ‘केविनिझम’ असा शब्दच झालाय. तो पसरायला मदत केली २००९ च्या एका अभ्यासाने. ओल्डेनबुर्ग विद्यापीठात आस्ट्रिड कायझर यांच्या मार्गदर्शनाखाली प्राथमिक शिक्षकांची ऑनलाईन पाहणी झाली: कुठल्या नावावरून तुम्हाला काय वाटतं? शार्लोट, माक्सिमिलियान, याकोब ही नावं हुशार, गुणी पोरांची वाटली. शांटाल, मँडी, जस्टिन आणि केविन ही त्रासदायक. एका शिक्षकाने तर शेरा लिहिला की केविन हे नाव नसून रोगनिदान आहे. हे वाक्य देशभर गाजलं.

अभ्यासाचा हेतू चांगला होता, शिक्षकांचे पूर्वग्रह उघडे पाडायचे. पण काय मोजलं गेलं ते बघा. नाव वाचून काय वाटतं, हे मोजलं. वर्गात त्या पोराशी शिक्षक कसा वागतो, वहीत किती गुण देतो, हे नाही. मनात आलेली प्रतिमा आणि हाताने झालेला अन्याय यांच्यात अंतर असतं; कधी कधी पूर्वग्रहाची जाणीव असलेला माणूस उलट जास्त सांभाळून वागतो. ऑनलाईन प्रश्नावलीला उत्तर द्यायला कोण येतं हाही प्रश्न आहेच. आणि एका माणसाचा एक शेरा बातमीचं शीर्षक झाला. ज्या पूर्वग्रहावर बोट ठेवायचं होतं त्याला एक चटकदार म्हण मिळाली. त्या वर्षी अठरा वर्षांचे असलेले कितीतरी केविन नोकरीचे अर्ज लिहीत होते. संशोधनाचा निष्कर्ष छापून आल्यावर कुणाच्या आयुष्यावर जाऊन पडतो, याचा विचार एथिक्सच्या फॉर्मवरच्या एका चौकटीत संपत नाही. अवतरण निवडणं ही पण कृती आहे. मी त्या अहवालाची परीक्षक असते तर तो शेरा तक्त्यात मोजायला सांगितला असता आणि मजकुरातून काढायला लावला असता.

फ्रान्समध्ये बातिस्त कुलमों हा समाजशास्त्रज्ञ बारावीसारख्या बॅक परीक्षेचे निकाल नावांनुसार मांडत असे. उत्तम श्रेणी मिळवणाऱ्यांचं प्रमाण कुठल्या नावांत जास्त आणि कुठल्यांत कमी, असा आलेख. केविन खालच्या कोपऱ्यात. पण नाव कारण नाही, नाव हे आई-बापांच्या सामाजिक जागेची खूण आहे, हा कुलमोंचा मुद्दा. माध्यमांनी बहुतेक वेळा आलेख घेतला आणि मुद्दा सोडला. नावावरून फक्त वर्ग दिसतो असंही नाही, वयही दिसतं. २०२२ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत केविन नावाचे दोन खासदार निवडून आले, आणि ‘अखेर केविन संसदेत’ अशा सुराच्या बातम्या झाल्या. आधी का नव्हते? भेदभाव हे एक उत्तर असू शकतं. पण १९९१ चा केविन २०२२ मध्ये एकतीस वर्षांचा होता! त्याच्या आधी संसदेत जायला केविन पुरेसे म्हातारेच नव्हते. केविन वकील किती, डॉक्टर किती, असं मोजायला निघालात तर आधी वय बाजूला काढा, नाहीतर तुम्ही नाव मोजता आहात असं समजून जन्मसाल मोजाल.

हे सगळं वाचून तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल, की असं काम मराठी नावांवर करू. आर्यन, ओंकार, प्रथमेश, अथर्व, जिल्ह्यानुसार, दशकानुसार. करा. पण इन्सेची फाईल इथे नाही. जनगणनेत नावं लिहून घेतात, पण ती गोपनीय असतात. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्माची नोंद नावाशिवाय होऊ शकते. नाव नंतर घालता येतं, पहिल्या वर्षात बिनशुल्क आणि नंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी किंवा त्याहून उशिरा, तोवर दवाखान्याच्या कागदावर ‘बेबी ऑफ’ असतं. म्हणजे नोंदणीतलं जन्माचं वर्ष आणि नाव ठरल्याचं वर्ष एकच असेल असं नाही. पत्रिकेतलं नाव वेगळं, हाक मारायचं वेगळं, शाळेच्या दाखल्यावरचं तिसरंच.

उरतात मतदार याद्या. बरेच जण त्याच वापरतात. त्यात अठरा वर्षांखालचे नाहीत, मेलेले आणि गाव सोडून गेलेले गळतात किंवा गळायला हवे असून राहतात. यादीत आहे तो माणूस सापडतो तो आता राहतो तिथे, जन्मला तिथे नाही. पिंपरी-चिंचवडमधले पस्तिशीचे लोक पिंपरी-चिंचवडची आवड सांगत नाहीत, ते लातूर, बीड, सोलापूरची सांगतात. वयसुद्धा दिलेलं असतं ते पूर्ण वर्षांत, आणि पाच-शून्यावर संपणाऱ्या वयांचा ढीग सवयीने झालेला असतो. म्हणून दर वर्षाचा आलेख काढण्यापेक्षा पाच-पाच वर्षांचे गट करणं शहाणपणाचं. सुरुवात मुलग्यांच्या नावांपासून का करावी याचंही कारण इथलंच आहे: लग्नात मुलीचं नाव बदलण्याची पद्धत बऱ्याच घरांत होती, त्यामुळे यादीतल्या चाळिशीच्या बाईचं नाव तिच्या आई-बापांनी निवडलेलं आहे की सासरने, ते कळत नाही. अर्थात हाच एक स्वतंत्र आणि जास्त चांगला प्रबंध आहे, कुणी घेत असेल तर.

नुसता सचिन घेतला तरी सचिन, सचीन, आणि इंग्रजीतून यंत्राने उलटं लिहून आलेलं साचिन असे तीन प्रकार हाताशी येतात, वर ‘सचिनकुमार’ हा चौथा. तो सचिनमध्ये धरायचा का, हे मोजणी सुरू करायच्या आधी ठरवून वहीत तारखेसह लिहून ठेवा, आलेख बघितल्यावर नाही.